कपाटातला उन्हाळा

४ मे

सुट्टी लागली. मुलांना सुट्टी, मला शिक्षा! नाश्त्याआधीच तीन भांडणं आणि एक फुटलेला पेला. काचा गोळा करताना बोट कापलं ते वेगळंच.

माझं काम कपाटात चालतं. हसायचं काही कारण नाही. या घरात शांत जागा ती एकच. लटकलेल्या कपड्यांच्या मधोमध स्टूल, समोर माईक, बाहेरचा गोंगाट अडवायला कानावर हेडफोन, आणि मी पुस्तक वाचते. लोक नंतर ते भांडी घासता घासता ऐकतात. पंखा लावायचा नाही, त्याचाही आवाज येतो. दाराला आडव्या पट्ट्या आहेत, त्यांच्या फटीतून येईल तेवढीच हवा. यावेळचं पुस्तक म्हणजे दीपगृहावर एकटा राहणारा म्हातारा. तो थंडीने कुडकुडतोय आणि मी इकडे उकडून निघतेय.

घराचा नियम तोच. खोलीच्या कडीला लाल मोजा दिसला की चिडीचूप. लेकीने लगेच विचारलं, "आणि भूकंप झाला तर?" आठ वर्षांची आहे, आम्ही तिला वकिलीणबाई म्हणतो. म्हटलं, भूकंप झाला तरी हळूच सांगायचं.

धाकट्याने काही विचारलं नाही. तो विचारतच नाही.

७ मे

धाकट्याला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी प्रेमाने विचारलं, "नाव काय तुझं?" हा त्यांच्या मागच्या काचपेटीतले मासे बघत बसला. "त्याला मासे आवडले," सोबत आलेल्या वकिलीणबाई. "तुला नाही विचारलं, बाळ," मुख्याध्यापिका.

साडेचार वर्षांचा झाला. हं, नको, दे — संपला शब्दांचा खजिना! कान तपासून झालेत, ठणठणीत आहेत. बिस्किटाचा पुडा फुटला की तीन खोल्यांपलीकडून येतो. पण तोंड उघडेल तर शपथ.

बाई म्हणाल्या, शू लागली, दुखतंय, तहान लागली, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. एक जूनला परत आणा. तोवर बोलला तर घेऊ, नाहीतर अजून एक वर्ष घरी. त्यांचं चूक नाही. म्हणूनच राग काढायला कुणी सापडेना. घरी येऊन पायपुसणं झटकत बसले.

९ मे

सासूबाईंचा फोन. "अगं, काळजी कसली करतेस? त्याचा बापही उशिराच बोलायला लागला." म्हटलं, आई, कधी? मी अजून वाट बघतेय!

नवरा शेजारीच होता. लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर काळोख्या बोळकांडीत एकटा. नुसता हसला. हे असं!

१२ मे

रेकॉर्डिंग साफ करणाऱ्या काकांचा फोन. "बाई, तुमच्या आवाजाला शेपूट आहे." म्हणजे? म्हणे प्रत्येक वाक्यानंतर काहीतरी सुस्‌सुस्‌. "रोज पुसतो मी, पण वेळ जातो हो." म्हटलं, फ्रिज असेल.

स्वतः ऐकून बघितलं असतं तर समजलं असतं, पण ते मला जमत नाही. स्वतःचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. वाचायचं, पाठवायचं, मोकळं व्हायचं.

१३ मे

फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं. शेपूट आहे तिथेच.

१५ मे

काय हे ऊन! पडदे ओढले, फरशीवर पाणी मारलं, तरी भिंती तापलेल्या. दोघांना टबात बसवलं. वकिलीणबाईंनी टबाची मधोमध वाटणी केली आणि मग भावाच्या वाटणीत पाय पसरून बसल्या.

दुपारी एक हुशारी केली. थंड सरबताचा पेला वर धरला आणि धाकट्याला म्हटलं, "काय पाहिजे ते बोल, मग देते." त्याने पेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग स्टूल ओढत नेलं, चढला, आणि नळाचं पाणी प्यायला.

न्हाणीघरात जाऊन रडले. इतकी लाज कधी वाटली नव्हती. सरबत तसंच राहिलं, मुंग्या लागल्या.

१८ मे

कपाटाचं दार उघडते तर धाकटा तिथेच, जमिनीवर! गालावर आडवे वळ. चटईवर झोपला असणार. ओरडले, "मोजा दिसला नाही? इथे काय करतोयस?" तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला! मोजा अजून कडीलाच होता ना.

वकिलीणबाईंना जाब विचारला, तू लक्ष ठेवायचं होतंस ना? "तो रोज जातो तिथे. दंगा करत नाही, मला त्रास देत नाही. नियम पाळतोय. मग माझा गुन्हा काय?"

दोघांना कलिंगड कापून दिलं आणि बिया खाली टाकल्या म्हणून परत ओरडले.

२१ मे

वायर बदलली. दाराला आतून ब्लँकेट लावलं. चक्कर येऊन पडायचीच बाकी होती. काका म्हणतात, "शेपूट बारीक झालं, गेलं नाही." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काका, जे काय असेल ते मुळासकट पुसून टाका, मला परत सांगू नका. बिचारे "बरं" म्हणाले.

आज पुस्तकात म्हाताऱ्याच्या जिन्यावर पावलं वाजली. बरं झालं, इतके दिवस नुसता समुद्र बघत होता.

२४ मे

हेडफोन घरभर शोधले. गळ्यातच होते. काखेत कळसा! नवऱ्याने न बोलता बोट दाखवलं.

२७ मे

नवरा बोलला. बोलला तो असा बोलला!

जेवताना मी धाकट्याच्या मागे लागले होते. नाव सांग ना, फक्त नाव, सोमवारी तेवढं तरी सांग. तो भाताची शितं ओळीत मांडत होता. नवऱ्याने ताट बाजूला केलं. "दिवसभर त्याला गप्प राहा म्हणतेस आणि संध्याकाळी बोल म्हणतेस. त्याने करायचं काय?"

मी भडकले. तुझं काय जातं, तू लिफ्टमध्ये, इथे मी आहे! बरंच बोलले. मुलं बघत होती. पण खरं होतं म्हणूनच इतकं झोंबलं. तो मोजा मीच लावला. मीच माझ्या पोराला गप्प बसायला शिकवलं, आणि आता शाळेच्या नावाने त्याच्या मागे लागलेय.

२८ मे

मोजा लावला नाही. वाचलंही नाही. दिवसभर घरात येरझारा. धाकटा दोनदा मोजा घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन गेला. म्हटलं, नको रे बाळा. तो दाराशी बसून राहिला, रुसल्यासारखा. आता हे काय?

२९ मे

काम थांबवून कसं चालेल! उरलेली पानं वाचून टाकली. मोजा बघून धाकट्याची कळी खुलली. याचं मला काही म्हणजे काही कळत नाही.

३० मे

काकांचा फोन. मी आधीच चिडलेली. पण ते वेगळ्याच आवाजात बोलले. "बाई, कालचं मी पुसलं नाही. एकदा तुम्ही ऐका. हे यंत्राचं नाही."

पाठवलंय. परवा शाळा, डोक्यात दुसरं काही शिरत नाही. उद्या बघू.

३१ मे

ऐकलं. आवाज पूर्ण चढवून.

माझं एक वाक्य. मग कुजबूज — तेच वाक्य, अक्षरन्‌अक्षर. माझं पुढचं. त्याचं पुढचं. ‘दीपगृह’सुद्धा! अडखळतो, पण सोडत नाही. दाराच्या पट्ट्यांना गाल लावून.

काकांना फोन केला. पुसू नका, एकही पुसू नका! "आधीची सगळी गेली हो, बाई. तुम्हीच म्हणालात."

मग ते पान आलं. वादळ, दिवा विझलेला, जिन्यावर परत पावलं, आणि म्हातारा ओरडतो, "कोण आहे तिकडे?" पुस्तकात त्याला उत्तर मिळत नाही. मी तिथे पाणी प्यायला थांबलेय, घोट ऐकू येतो.

यावेळी धाकटा माझं वाक्य म्हणत नाही.

"मी," म्हणतो.