त्या वासाच्या घरचं पाणी

आई, तुला वाचता येत नव्हतं म्हणून कधी लिहिलं नाही. मलाही उशिराच यायला लागलं. लेक अभ्यासाला बसायची, तिच्याशेजारी भाकरी थापता थापता मी तिच्याच पुस्तकातून अक्षरं उचलली. आता हाताला लागेल ते वाचते. आज तू नाहीस तरी लिहायला बसले, कारण तुला दिलेली शपथ माझ्याकडून मोडली, आणि कुठं मोडली हे ऐकलंस तर तू आधी मटकन खाली बसशील.

तो दिवस आठव. दादा, माझा बाप, जाऊन चौदा दिवस झालेत. पळसदेवला धरणाचं पाणी उतरलंय, जुनं देऊळ चिखलातून वर आलंय. काठच्या बाभळींतल्या हातभट्टीवर दादा पिऊन पडले ते उठलेच नाहीत, आणि आज तू चार बायका घेऊन तिकडं निघालीस. मी दहा वर्षांची, माझं बखोट तुझ्या हातात. तू एकेक पिंप पायानं कलंडवत होतीस. मी नाक वर केलं आणि म्हणाले, "आई, आपल्या कुरडयांच्या गव्हावानी वास येतोय." तिसऱ्या दिवशी भिजल्या गव्हाच्या पातेल्याचं झाकण काढलं की यायचा, तोच. तुझी चपराक अशी बसली की कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. "ह्यो वास जितं येईल, तितलं पाणीबी प्यायाचं न्हाय. माझ्या गळ्याला हात लाव," म्हणालीस. मी लावला. त्यानंतर आपल्या घरात कुरडयांना गहू भिजला नाही. गरम चिकाची गूळ घातलेली वाटीही बंद झाली. माझ्या लग्नात रुखवतावर कुरडई नव्हती, तर सासरी, कळसला, सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "म्हायेरात गहू पिकत न्हाय व्हय गं?" मी त्यांना का ते सांगितलं नाही. तुझं नाव राखलं. पुढं मीही कधी केल्या नाहीत.

आता लेकीचं ऐक. ती बारामतीला शिकली आणि नॉर्वेला गेली, पार वरच्या टोकाला. अन्नप्रक्रियेच्या कंपनीत आहे, असं आम्हाला सांगितलेलं. हे गेल्याला चार वर्षं झाली. एकटी किती दिवस बसशील म्हणून या हिवाळ्यात तिनं मला तिकडं नेलं. तिथं दोन महिने सूर्य उगवत नाही, आई. दुपारी बाराला दिवे. बर्फ गुडघ्याएवढा. विमानतळावर तिनं मिठी मारली आणि तिच्या केसांतून तो वास आला. मी मागं सरकले. पोर प्यायला लागली, असंच वाटलं. दोन दिवस तिच्या ताटलीत भाजी वाढताना नुसती तिचे डोळे बघत होते, लाल आहेत का म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "चल, माझं काम दाखवते." नेलं ते बारमध्ये. मी उंबऱ्यातच चौकट धरून उभी राहिले. मला वाटलेलं, आत शिव्या, ओकाऱ्या, जमिनीवर लोळलेले बाप्ये. तर प्रत्येक टेबलावर मेणबत्ती आणि माझ्या वयाच्या बायका विणत बसलेल्या, समोर बिअरचे पेले. एकीनं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, काहीतरी बोलली. लेक हसली. "आई, ती म्हणतीय, तुमची पोरगी फार चांगली बनवते."

"काय बनवते?"

लेकीनं मागच्या काचेकडं बोट केलं. काचेपलीकडं माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या होत्या. "ही बिअर. मी बनवते. पाच वर्षं झाली."

मी काचेकडं पाठ केली. "तुझ्या आजोबाला ज्यानं खाल्लं, ते तू रांधतीस?"

"आजीची शपथ माहीत होती म्हणून तर तुला बोलले नाही. बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, आईला मी सवडीनं सांगतो."

यांनाही माहीत होतं! वर्षभर माझ्याच हातची भाकरी खात हा माणूस गप्प राहिला आणि तसाच निघून गेला. आता भांडू कुणाशी? लेकीनं पाण्याचा पेला पुढं ठेवला. "पाणी तरी पी." मी पेला मागं सारला. तिचा चेहरा पडला, लहानपणी पाटी फुटली की पडायचा तसा. "म्हणजे माझ्या घरचंबी पिणार न्हाईस?" एरवी पुस्तकी बोलणारी पोर एकदम आपल्या बोलीवर आली.

मी उठले. दाराकडं जायचं होतं, गेले काचेमागं. तिथं ओला, वाफाळता सातू, म्हणजे जव, टाकीतून ढिगानं काढून ठेवलेला, गाईंना खायला जायचा होता. माझा हात आपसूक त्यात गेला. कुरडयांचा गहू भिजला का ते बघायला तू शिकवलंस तसा एक दाणा नखात दाबला. दूध निघालं नाही.

"हा तर पोकळ हाय," मी म्हणाले.

"चीक टाकीत गेला ना, आई. आम्ही चीकच काढतो."

तिनं वाटीभर काढून दिला. गरम, गोड, अजून न आंबलेला. मी तोंडाला लावला आणि तुझ्या चुलीपुढं जाऊन बसले. तिथल्या कामगारांसमोर रडले. लेक घाबरून पाठ चोळत राहिली. मग टेबलाशी येऊन मी तो पेला उचलला आणि सगळं पाणी प्याले. विणणारी बाई पुन्हा काही बोलली. लेकीनं सांगितलं, "म्हणतीय, माझी पोरगी बँकेत आहे, पण हिच्याइतका तिचा उपयोग नाही." मला रडता रडता हसू आलं.

दारू चांगली, असं मी म्हणत नाही. दादा गेले ते गेलेच. पण तो वास गव्हाचाच होता, आई. मी खोटं बोलले नव्हते.

परत आले आणि परवा कळसला गहू भिजवले. कुरडया लेकीला पाठवायच्या आहेत. आज तिसरा दिवस. सकाळी झाकण काढलं आणि माझा हात आपोआप गालावर गेला. हे पत्र घडी करून सोऱ्याच्या डब्यात ठेवणार आहे. इतकी वर्षं यांना आणि लेकीला सांगत आले, आईच्या धाकानं मी शपथ पाळली. धाक नव्हता गं. त्या चपराकीपासून मला तुझा राग होता.