मल्लिकाची काचपट्टी

३ जून
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, कॉलेजातली खोकी आज उघडली. सु. म्हणाली, "हे अस्कं ठेवायचं का टाकायचं?" सगळं ठेवू का टाकू, तिला काय सांगू? तिसऱ्या खोक्यात काचपट्ट्यांची पेटी. एकीवर निळ्या शाईत: मल्लिका. खोडाचा आडवा छेद. द्विदल.
जेवण गेलं नाही.

४ जून
लिहूनच टाकतो. नोकरीचं पहिलं वर्ष. सबमिशनच्या पट्ट्या तपासत होतो. म.च्या छेदात वाहिन्यांचे पुंजके विखुरलेले. विखुरलेले म्हणजे एकदल. मक्याची पट्टी चोरून नाव चिकटवलंय, असं भर वर्गात म्हणालो. ती म्हणाली, "सार, आमच्या पानमळ्यातली वेल आहे. पान आणून दाखवू? शिरा जाळीच्या आहेत." मी तिला वर्गाबाहेर काढलं. पुन्हा कॉलेजात आली नाही.
पुढच्याच वर्षी पुस्तकात वाचलं. नागवेल द्विदलच, तरी पुंजके विखुरलेले. गप्प बसलो. चौतीस वर्षं. लाज वाटते.

७ जून
दारासुरमला लग्न. तांबूल घेतलं नाही, सु. रागावली. मी पान का खात नाही हे बायको असून तिलाही ठाऊक नाही. वास मात्र घरापर्यंत आला. शर्ट बदलला, तरी आहेच.

८ जून
तिरुवलंचुळी. म.च्या कॉलेजच्या अर्जावरचं गावाचं नाव अजून पाठ. पानमळा सापडला. म.चा भाऊ म्हणाला, "अक्का गेली सार, सहा वर्षं झाली."
मळ्याच्या कडेला तिची धाकटी मुलगी सेल्वी पानांच्या जुड्या बांधत होती. बी.एस्सी., पहिलं वर्ष. विषय वनस्पतिशास्त्रच! मी म्हटलं, तुझ्या अम्मांना मी शिकवलंय.
"अम्मा कॉलेजात होत्या?"
घरात कुणी बोललंच नव्हतं. मीही पुढे बोललो नाही. अडलं तर घरी ये, एवढंच. निघताना तिने जुडी दिली. घेतली.

१५ जून
सेल्वी आली. सांगायचं ठरवलं होतं, आणि सकाळी स्वतःच्याच हाताने पट्टीवरच्या नावावर कागद चिकटवला. भित्रा.
सूक्ष्मदर्शकातून तिने बराच वेळ पाहिलं.
"नागवेल, सार. द्विदल."
"पुंजके तर विखुरलेत."
"हो, पण हा अपवाद आता पहिल्याच वर्षाला शिकवतात."
मग पट्टी काढून उजेडात धरली. "किती पातळ कापलंय! मला नाही जमत. कुणी केलंय, सार?"
कागदाचं एक टोक सुटलं होतं. ती नखाने ते सोलू लागली. मी अडवलं नाही.