न ठोकलेले बूट

अण्णा, काल आपली आळी रंगमंचावर आली. चहा बाजूला निवतो आहे आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे. मी बसवलेला बॅले होता. त्यात कोणी बोलत नाही, फक्त नाचतात. मी पडद्याआड बसले होते, पुढ्यात तांब्याचा हंडा आणि हातात तुमची हातोडी.

कसब्यात आपल्या तांबट आळीत सकाळी सुरू झालेले ठोके दिवेलागणीपर्यंत चालत. तिरडी निघाली तरच थांबत. आणीबाणीत तुम्ही मंडळींनी हा रिवाज कामाला लावलात. तुमच्या अर्धवट हंड्यांतून बंदीतली पत्रकं जायची. पोलीस दिसला की आळीच्या तोंडाशी बसणारा तांबट हात थांबवायचा, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. शांतता चालत आपल्या दुकानापर्यंत यायची. मी उंबऱ्यावर बसलेली आहे. हवालदार आळीत शिरतो, थबकतो, टोपी काढून हातात घेतो. "कोण गेलं?" हळूच विचारतो. समोरचे काका हंड्यावरची नजर न काढता म्हणतात, "अजून कोणी नाही, साहेब." तरी तो बिचारा थोडा वेळ बोडक्या डोक्याने उभाच राहतो. तेवढ्यात पत्रकं मागच्या दाराने गेलेली असतात. त्या दिवशी जेवताना तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. पुढच्या वेळी पोलीस साध्या कपड्यांत आले. कोणाचाच हात थांबला नाही. तुमच्या खांद्यावर हात पडला तेव्हा तुम्ही हातोडी खाली ठेवलीत, आवाज न करता. मग सगळी आळी थांबली. कोण गेलं, हे कोणी विचारलं नाही.

निवडणुकीनंतर सुटून आलात ते घरात न येता आधी दुकानात बसलात. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. "थांब जरा," म्हणालात आणि एक ठोका मारलात. समोरून काकांचा आला. मग आळीभर. आई काहीतरी बोलत होती, तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. सुटका म्हणजे काय, हे मला त्या गोंगाटात कळलं.

कॅम्पात बॅले शिकवणाऱ्या बाईंच्या घरी बंब पोचवायला गेलो, तिथे मी पहिल्यांदा बॅले पाहिला आणि हटूनच बसले. तुम्ही मला सायकलवरून शिकवणीला नेऊ लागलात. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट मिळाले तेव्हा बाई म्हणाल्या, नवे बूट फळीवर फार वाजतात, ठोकून मऊ करून आण. स्वयंपाकघरात पाटावर बूट ठेवून तुम्ही लाकडी मोगरीने ठोकत होतात आणि आईला सांगत होतात, "आम्ही ठोकून भांडं कडक करतो, हिला ठोकून मऊ पाहिजे. उलटाच धंदा." प्रत्येक नवा जोड तुम्हीच ठोकून दिलात. माझा पहिला कार्यक्रम मात्र तुम्हाला आवडला नाही. सायकल ढकलत परतताना एवढंच म्हणालात, "तुमच्या नाचात कोणाला घाम येत नाही का गं?" त्या प्रश्नाचं उत्तर बसवायला मला म्हातारी व्हावं लागलं.

काल दुपारी तालीम पाहून सभागृहाचे व्यवस्थापक आत आले. "मॅडम, ती खाकी काढा. आणि ती शांतता फार लांबते. उगाच कोणाला काही वाटायला नको."

"कोणाला?"

"वाटणाऱ्याला." मग म्हणाले, "लांबली तर मी पडदा पाडीन. मग उद्याच्या प्रयोगाचंही विसरा."

मुली माझ्याकडे बघत होत्या. मी खाकी काढली. टोपी ठेवली. शांततेबद्दल काही बोलले नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. तुम्ही झालेला मुलगा हातोडीच्या तालावर नाचत होता, घामाने निथळत, आणि मध्येच थांबून बाहीने कपाळ पुसत होता. मग मी हात थांबवला. एकेक मुलगी टोकांवरून खाली आली आणि गोठली. टोपीवाला आत आला. लोक खोकू लागले. मागून कोणी म्हणालं, "साऊंड गेला वाटतं." व्यवस्थापक पडद्याच्या दोरीपाशी येऊन उभे राहिले, मला बोटाने खूण करू लागले. मी हातोडी मांडीवरून हलवली नाही. रंगमंचावर टोपीवाल्याने टोपी काढली, मान झुकवली. व्यवस्थापकांनी दोरीला हात घातला.

पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "अजून कोणी नाही, साहेब!"

समोरचे काका. नातवाने धरून आणलेले, ऐकू कमी येतं, डोळे अजून शाबूत. आळीतली चार म्हातारी माणसं खो खो हसली, मग काही न कळताही सगळं सभागृह. हसणाऱ्या लोकांवर पडदा पाडायचा कसा, हे व्यवस्थापकांना सुचेना. हसू विरलं, पुन्हा शांतता झाली, आणि आता कोणी खोकत नव्हतं. तुम्ही झालेल्या मुलाला साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी नेलं. मी आणखी थांबले. मग एक ठोका मारला.

मुलींना मी बूट ठोकू दिले नव्हते, अण्णा. सगळे कोरे, कडक. पहिली टोकावर उठली आणि फळीवर खाडकन वाजली. दुसरी. तिसरी. मग सगळ्या. लोक खुर्च्यांचे हात बडवू लागले. मला माझीच हातोडी ऐकू येईना. आळी, अण्णा, आपली सगळी आळी!

पडदा पडल्यावर व्यवस्थापक रुमालाने मान पुसत आले. "उद्या जरा आवाज कमी," म्हणाले. म्हणजे उद्या आहे.

एकच सांगायचं राहिलं, तुम्ही असता तर लपवलं असतं. शांततेनंतरचा तो ठोका चुकला. हातोडी तिरकी बसली, हंड्याला पोचा आला. काकांना आवाजावरून नाही, तरी नंतर हंड्यावरून हात फिरवताना कळलं. आज पोचा काढायला घेतला होता. मग राहू दिला. संध्याकाळच्या प्रयोगात ठोका तिथेच मारणार आहे.