पोचपावतीवरची सही

परभणी,
५ मार्च १९८४

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पोचपावतीवरची सही कोणाची ते मला ओळखू आलं नाही. ते खोटं होतं. डाक निरीक्षकांनी कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हाच मी ओळखलं. "ही सही तुमची का?" मी नाही म्हणाले. "मग कोणाची?" तेव्हा मात्र माहीत नाही म्हणून मान हलवली, आणि तेच तुम्हालाही लिहिलं.

शिक्षिकेच्या मुलाखतीचं बोलावणं मला मिळालंच नाही, म्हणून मी तक्रार केली होती. पोस्टमन मुंजाजी आपल्या बौद्धवाड्यात पाऊल टाकत नाही, चिंचेखाली उभा राहून नावं पुकारतो, बायकांची पत्रं समोर येईल त्या पुरुषाच्या हाती देतो, असं सगळं लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण ते पत्र रजिस्टर होतं, म्हणून त्या दिवशी तो दारापर्यंत आला होता. माझ्या तक्रारीवरून त्याला कामावरून काढून घरी बसवलंय. तो इथल्या पोस्टाबाहेर माझी वाट पाहत होता. म्हणाला, "ताई, मी वाड्यात येत न्हवतो, तुमी लिवलं ते खरं हाय. पन ते पत्र मी अण्णाच्या हातात दिलं. पोरगी आत हाय, सही आनून देतो म्हनले. आता सायब म्हनायलेत, सही मीच ठोकली."

घरी येऊन सरजामावशीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्सं आपल्याला झाडाखाली उभं केलं त्यानं. राहू दे की आता त्यालाबी उभं." मलाही एक दिवस तसंच वाटलं. खरं सांगायचं तर दोन दिवस.

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला घरी पाटीवर शिकवलंत. आधी वरची रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. पुढे गुरुजींनी छडी मारून माझी ती सवय मोडली. कार्डावर माझं नाव संपलंय आणि रेघ बोटभर पुढे गेलीय.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत आपलं छप्पर जळालं, पोरीला परक्या गावात एकटी कशी धाडू? मी ते ऐकून घेतलं असतं. पण माझं पत्र आलं त्याच महिन्यात तुम्ही सटवाजीला नोकरीसाठी औरंगाबादला पाठवलंत. त्याला एसटीत बसवताना म्हणालात, "आधी पोराचं लागू दे. पोरीचं बघू मग." त्याची ट्रंक माझ्याच डोक्यावर होती, अण्णा. तोवर माझं बोलावणं तुमच्याकडे येऊन चार दिवस झाले होते.

त्या जागा भरल्या. त्याबद्दल आता काही मागत नाही. निरीक्षकांनी मला पुन्हा जबाबाला बोलावलंय. या वेळी सही कोणाची ते मी सांगणार, लेखी देणार. तुम्हाला ते गावातल्या कुणाच्या तोंडून कळू नये, आणि स्वतः येऊन सांगावंसं वाटलं तर वेळ मिळावा, म्हणून हे पत्र. मुंजाजीला मी माफ केलेलं नाही. चिंचेखालची तक्रार तशीच राहील. सकाळी बोरीहून परभणीला एसटी आहे. जबाब अकरा वाजता आहे, सोमवारी, १२ मार्चला.

तुमचीच,
पंचफुला