रिकामी, तपासली

२० ऑक्टोबर १९८३, बोरीवली

आज एकदाचा झकास जागी येऊन पडलो. फोर्टातलं बंदुकांचं दुकान बंद झाल्यापासून चार महिने मावसभावाच्या घरी पाय पसरून होतो. त्याची बायको विमला तोंडाने काही बोलत नसे, भांडी आपटून सगळं सांगे. आता अंगणात स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, मागे नॅशनल पार्कचा डोंगर, आणि काम तर माझ्या जिवाभावाचं.

घरधनीण हिल्डाबाई. गावठाणातल्या ख्रिस्ती, साठीच्या, विधवा. नवरा चेंबूरच्या घरी वारला, तेव्हापासून त्या इथे माहेरच्या घरात राहतात. त्याने हौसेने जमवलेल्या अकरा बंदुका साफ करून, यादी करून गोव्याच्या एका शौकिनाला द्यायच्या आहेत. माझं नाव कोणी सुचवलं विचारलं, तर म्हणाल्या, नाव माहीत होतं. बावीस वर्षं घासली त्याचं चीज झालं म्हणायचं.

२२ ऑक्टोबर

बाईंच्या नवऱ्याला नजर होती. एक चकमकीची बंदूक आहे, तिच्या दस्त्यावर पितळेची वेल इतकी नाजूक की तेलाचा बोळा फिरवतानाही हात हलका पडतो. एका नळीच्या पोलादात पाण्यासारख्या लहरी आहेत. तास गेला नुसतं बघण्यात.

बहुतेक ठासणीच्या आहेत. तोंडातून दारू, मग बोळा, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. मागे तांब्याची टोपी चढवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार. अशी बंदूक पन्नास वर्षं भरलेली राहिली तरी वरून कळत नाही. म्हणून गज आत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. मुळापर्यंत पोचला तर रिकामी, दोन बोटं कमी पडला तर आत काहीतरी आहे. दुकानात नव्या माणसांना मी हे कान धरून शिकवलंय.

अकरावी बंदूक खिडकीपाशी एकटीच टांगलीय. ती शेवटी घ्यायची असं बाईंनी बजावलंय. सकाळी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, जाताना त्या दाराशी थांबतात आणि तिच्याकडे बोट करून विचारतात, रिकामी हाय ना? मी म्हणतो, रिकामी. इतक्या वर्षांनंतर बंदूक नुसती बघून कळते मला.

२५ ऑक्टोबर

आज अकरावी खाली घेतली. चापाच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. ‘रिकामी. तपासली.’ खाली माझी सही, डिसेंबर १९८०.

बाईंना नवऱ्याचा फोटो मागितला. तोच तो, नाताळच्या गर्दीत आलेला उंच, हसरा माणूस. व्हिक्टर.

इथे तरी खरं लिहितो. त्या दिवशी गिऱ्हाइकांची रांग होती आणि मी गज न घालताच चिठ्ठी बांधली. त्याने घरी नेऊन गंमत म्हणून टोपी चढवली, घोडा आपटतो कसा बघायला चाप ओढला. नळी छातीशी होती. चौकशीला शिपाई आला तेव्हा मी सांगितलं, मी गज घालून बघितलं होतं, आत काही नव्हतं. म्हणजे भरली त्यानेच, असा अर्थ निघाला. जीव दिला म्हणून चेंबूरभर कुजबुज झाली म्हणे. बाईंनी घर सोडलं ते त्यामुळेच असणार.

त्यांना माझं नाव माहीत होतं.

२६ ऑक्टोबर

गज घातला. मुळापर्यंत गेला. उगाच घाबरलो. चिठ्ठी चुलीत टाकली, जळून राख होईपर्यंत उभा राहिलो. बाईंनी विचारलं, मी म्हटलं, रिकामी. तीन वर्षांपूर्वीचं मढं उकरून कोणाचं भलं होणार आहे?

२७ ऑक्टोबर

सहज म्हणून गज घातला. एक बोट कमी पडला. नळी उलटी केली तर काळी दारू पडली. कोरडी, ताजी. बंदुकांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते, पण दुसरी बाईंकडे असेलच. म्हातारी खेळतेय माझ्याशी. खेळू दे, मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. दारू मोरीत ओतली आणि विचारल्यावर म्हटलं, रिकामी.

२९ ऑक्टोबर

काल बाई बहिणीकडे माहुलला गेल्या, तेरेसाकडे. मी दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं. आज गज दोन बोटं कमी. दारू, आणि वर बोळा. बोळा आकड्याने ओढून काढला.

पुठ्ठ्याचा आहे. उलगडला. माझी सही.

ती मी जाळली होती. राख बघितली होती.

३१ ऑक्टोबर

बाई परत आल्या. विचारलं, रिकामी हाय ना? जीभ चालली सवयीने, रिकामी. दुपारी बघितलं तर आत पुन्हा दारू आणि बोळा. आता लक्षात आलं. चिठ्ठी जाळल्यापासून मी तो शब्द म्हटला की आत काहीतरी वाढतं.

२ नोव्हेंबर

आज यांचा मृतांचा दिवस. बाई चेंबूरला व्हिक्टरच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आल्या. काही विचारलं नाही, नुसत्या बघत होत्या. मीच न राहवून म्हणालो, रिकामी आहे बाई.

गज चार बोटं कमी. आत गोळी आहे. निघत नाही.

मावसभावाकडे जायला निघालो. फाटकापर्यंत गेलो. मागे वळलो तर खिडकीत नळीचं तोंड. भिंतीला आडवी टांगलेली होती ती. मी डावीकडे सरकलो, तोंडही सरकलं. परत आलो.

३ नोव्हेंबर

लिहून दिलं. सगळं. गज घातला नव्हता, शिपायाला खोटं सांगितलं, व्हिक्टरचा काही दोष नाही. सही केली. बाईंनी दोनदा वाचलं. रडल्या नाहीत. चेंबूरला सगळ्यांसमोर वाचून दाखवणार म्हणाल्या. मी हात जोडून विचारलं, आता मी सुटलो ना? तर म्हणाल्या, “माझ्याकडून सुटला. त्याचं त्याला विचार.”

भीती वाटली म्हणून कबूल केलं, हे त्यांना कळलंय. त्यालाही कळलं असणार.

४ नोव्हेंबर, दिवाळी

सकाळीच बाई कागद घेऊन चेंबूरला गेल्या. जाताना बंदुकांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. मी आत आहे. खिडकीला लोखंडी सळ्या आहेत. ओरडलो — गावभर फटाके. कोण ऐकणार.

अकरावी टेबलावर आहे. मी ठेवली नाही. टोपी चढलेली. घोडा मागे ओढलेला.

कोपऱ्यात बसलो, नळीचं तोंड कोपऱ्याकडे. दाराशी गेलो, तोंड दाराकडे —

चापाच्या कडीला चिठ्ठी आहे. नवी, पांढरी. ‘रिकामी. तपासली.’ सही माझी नाही. खाली लिहिलंय, व्हिक्टर.

खरंच असेल. कबूल केलं ना मी. काढली असेल गोळी. गज घातला की कळेल — गज नाहीये. कुठेच नाही. आठवलं, बाईंच्या हातात होता. कडी घालताना दाराच्या फटीतून म्हणाल्या, “व्हिक्टरला चिठ्ठी पुरली. तुलापन पुरंल.”

चाप हलतोय. कोणी हात लावला नाही तरी —

रिकामी आहे. रिकामी आहे. रिका