बाहेरून कडी

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो सवयीने. आज समोर असतीस तर केला नसता.

काल भिंगरी डबा विसरून गेली, म्हणून मधल्या सुट्टीत तो द्यायला शाळेत गेले. वर्गात ती नव्हती. वर्गाच्या बाई म्हणाल्या, शांत खोलीत आहे, सकाळी कान झाकून ओरडत होती, आता बरी आहे. जिन्याखालची ती खोली मी पालकसभेत पाहिली होती. निळा दिवा, गालिचा, मऊ उशा, सगळं तुमच्या कार्यालयाने पाठवलेल्या पेटीतलं. आपल्या ताईने स्वमग्न मुलांसाठी किती विचार केलाय, असं तेव्हा चारचौघांत फुशारून सांगितलंही होतं. काल त्याच खोलीचं दार बंद होतं आणि कडी बाहेरून लावलेली होती.

कडी मी काढली. तुझी भाची दाराला पाठ टेकून बसली होती, ती दाराबरोबर बाहेर कलंडली. रडत नव्हती. फ्रॉक ओला होता. आठ वर्षांची पोर, बोलत नसली तरी बाथरूमला जायचं असलं की हात ओढून दाखवते. बंद दाराआड तिने कोणाचा हात ओढायचा?

मी बाईंना नको नको ते बोलले. त्या घाबरून म्हणाल्या की प्रशिक्षणात असंच सांगितलंय, मूल अनावर झालं की शांत खोलीत न्यायचं. आणि दाराशेजारी बोट दाखवलं. तिथे चौकटीत तुमचं प्रशस्तिपत्र लटकतंय, 'आदर्श शांत खोली' म्हणून, आणि खाली तुझी ती झोकदार सही. शाळाशाळांतल्या शिक्षकांना शिकवणारी तू, बक्षीस देण्याआधी ते दार तुला एकदा बघावंसं वाटलं नाही?

मी तिला आता शाळेत पाठवणार नाही. लोभ असावा असं आज लिहवत नाही.

बारकी


९ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कार्यालयात उभ्यानेच वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेवर गेली, आणि थोडी तुझ्यावरही.

मी शिकवते ते नीट ऐक. शांत खोलीत मूल आपल्या पायांनी जातं, त्याला ओढून न्यायचं नाही. दार उघडं असतं. जवळ एक मोठं माणूस गप्प बसून असतं. ती शिक्षेची जागा नव्हे. हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत आले आहे. पूर्वी हे प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. शिक्षकांना मी डोळ्यांवर पट्टी बांधून, कानाशी भांडी वाजवून बसवायची, म्हणजे या मुलांचं काय होतं ते त्यांच्या अंगाला कळायचं. मग साहेबांना ते महाग वाटलं. आता तासाभराची चित्रफीत आहे. शिक्षक ती घरी लावतात, समोर वह्या तपासत बसतात, शेवटी चार प्रश्नांची उत्तरं दिली की पास. मी भांडले, पण माझं कोण ऐकतंय!

राहता राहिलं प्रशस्तिपत्र. शाळांनी खोल्यांचे फोटो पाठवायचे आणि आम्ही त्यातून निवडायचे, अशी पद्धत आहे. फोटोत दार उघडं होतं. उघड्या दाराची बाहेरची बाजू फोटोत दिसत नाही. याला मी काय करू?

बाईंवर तोंड टाकू नकोस, एकटी बाई भरलेला वर्ग सांभाळते. आणि भिंगरीची शाळा सोडवू नकोस. सवयीची जागा सुटली तर तिला पुन्हा उभं करणं फार जड जाईल, हे मी मावशी म्हणून नाही, शिकलेली म्हणून सांगते. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडते आहे. डोकं शांत ठेव. माया आहे तशीच आहे.

ताई


१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चित्रफीत आली, साहेब आले, समिती आली. भिंगरी कशी आहे, हा प्रश्न कुठे सापडला नाही. पत्र लिहिताना तो कुठे ठेवलास?

तू विचारलं नाहीस तरी सांगते. घरातलं एकही दार ती लागू देत नाही. बाथरूमचं नाही, कपाटाचंसुद्धा नाही. दार दिसलं की पायातली चप्पल काढून फटीत अडकवते आणि अनवाणी फिरते. परवा हिच्या बाबांनी वाऱ्याने आपटते म्हणून खिडकी लावली, तर हिने स्वतःचा हात इतका चावला की रक्त आलं. आणि तू मला डोकं शांत ठेवायला सांगतेस!

काल वर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. मी दारातूनच परत पाठवणार होते, पण त्यांचा चेहरा बघून आत घेतलं. रडत होत्या. म्हणाल्या, कडी मुख्याध्यापिकाबाईंनी बसवून घेतली, कारण भिंगरी खोलीतून निघून सरळ फाटकाकडे जायची आणि तिच्यामागे धावायला कोणी नव्हतं. वर्ग सोडून गेलं तर बाकीची मुलं उघड्यावर, न गेलं तर ही रस्त्यावर. म्हणून त्यांनी तुमच्या कार्यालयाकडे मदतनीस मागितली होती, एकदा सोडून तीनदा. दर वेळी उत्तरादाखल पेटी आली. आधी उशा, मग निळा दिवा, मग भिंतीवर लावायची चित्रं.

ताई, त्या बाईने माणूस मागितलं आणि तुम्ही उशी पाठवलीत. मग कडी लावली कोणी, ते तूच सांग. फोटोत दिसत नाही म्हणून हात झटकायला तू काय फोटोग्राफर आहेस?

समितीला माझा नमस्कार सांग. तुला नाही.

बारकी


१७ नोव्हेंबर

चि. ताई आणि चि. बारकी,
दोघींना अनेक आशीर्वाद.

हेच पत्र दोघींना पाठवतो आहे, एकीला जास्त लिहिलं म्हणून दुसरीने रुसायला नको. आठवडाभरात दोघींनी मला एकमेकींची खुशाली विचारली, तेव्हाच ओळखलं की तुमचं वाजलंय. बारकीने सगळं सांगितलं. मला प्रशिक्षणातलं कळत नाही आणि कळून घ्यायचं वयही राहिलं नाही. पण माझ्या नातीला कोंडलं होतं, आणि तुम्ही दोघी एकमेकींचे केस ओढताय. लहानपणी ठीक होतं. आता जिथे भांडायचं तिथे जाऊन भांडा. माझी तब्येत बरी आहे, विचारल्याबद्दल आभार, कोणीही विचारलं नाही.

बाबा


२६ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरी कशी आहे? हे आधी विचारते. तू बोललीस ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

परवा भिंगरीच्या शाळेत न कळवता गेले. मुख्याध्यापिकाबाई तोंडभरून स्वागत करायला आल्या. मी म्हटलं, मला त्या खोलीत बसवा आणि बाहेरून कडी लावा. त्या हसल्या. मी चेष्टा करत नाही हे कळल्यावर म्हणाल्या की ते बरं दिसणार नाही. मी आत जाऊन बसले आणि कड धरून दार ओढून घेतलं. शेवटी शिपायाने कडी लावली. बारकी, त्या खोलीत आतून हात लावायला काही नाही. मूठ नाही, खिडकी नाही. निळ्या उजेडात आपलाच श्वास ऐकू येतो. मी शिकलेली-सवरलेली, बाहेर कोण आहे ते मला ठाऊक, तरी थोड्या वेळात मी दार बडवायला लागले. आत ठेवलेली प्रत्येक वस्तू मी निवडलेली होती.

बाहेर आल्यावर कडी काढायला लावली, प्रशस्तिपत्र स्वतः उतरवलं आणि कार्यालयात येऊन ते रद्द केल्याचं लेखी दिलं. तिथे खरा दणका बसला. साहेब म्हणाले, आता रद्द करून काय उपयोग, आदर्श खोली म्हणून इतर शाळांची माणसं ती केव्हाच बघून, मापं घेऊन गेलीत. त्यांनी जशीच्या तशी बांधली. मी दोन शाळांना फोन केला. दोन्हीकडे कडी आहे, बाहेरून. एका ठिकाणी मला वर अभिमानाने सांगितलं की आमची कडी जास्त भक्कम आहे.

साहेबांचं म्हणणं, एक परिपत्रक काढू, विषय मिटेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, परिपत्रक वाचून कडी निघत नाही, ती हाताने काढावी लागते, आणि जिथे निघेल तिथे एक मदतनीस द्यावी लागते, नाहीतर उद्या कुलूप येईल. त्यांनी मला प्रशिक्षणाच्या कामातून मोकळं केलंय. बरंच झालं, वेळ मिळाला. येता सोडून पुढच्या सोमवारपासून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी एकेका शाळेत जाणार आहे. तू येशील? मला सभ्य बोलायची इतकी सवय झाली आहे की लोक मला चहा पाजून परत पाठवतात. ओरडणारी आई बरोबर हवी.

माझ्यावर माया ठेव असं म्हणायला तोंड नाही. भिंगरीला माझा पापा दे, तिला चालणार असेल तर.

ताई


२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजचा नमस्कार खरा आहे.

काल भिंगरीला घेऊन शाळेत गेले. वर्गात काही ती शिरली नाही. उंबरठ्यावर चप्पल ठेवली आणि तिथेच बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. ओढू नका, असं मी म्हणणार, तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी आपली खुर्ची उचलली, दारात आणून ठेवली आणि तिथूनच गणित सुरू केलं. पोरं मान वाकडी करून बघत होती, मग एकेक करून तीही दाराकडे सरकली. सगळा वर्ग दारात.

मुख्याध्यापिकाबाई आल्या. म्हणाल्या, असं किती दिवस चालणार, तपासणीला कोणी आलं तर काय म्हणेल. मी म्हटलं, तिला पटेपर्यंत चालणार, आणि कोणी आलं तर मदतनीस कधी देता ते त्यांनाच विचारा. बाई खाली मान घालून गणित सांगत राहिल्या, पण खुर्ची काही हलवली नाही. मदतनीस अजून मिळालेली नाही. मिळेपर्यंत रोज दुपारपर्यंत मी बसणार, मग हिचे बाबा येणार. भिंगरी उंबरठा सोडेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित नाहीच सोडणार.

सोमवारी हिच्याजवळ हिचे बाबा पूर्ण दिवस बसतील, मी तुझ्याबरोबर येते. तुला माफ केलंय असं समजू नकोस, ते माझ्याने इतक्यात होणार नाही. लोभ आहेच. राग सोमवारी बरोबर घेऊन येते.

बारकी