नमुना उत्तर

ब्रिस्टल, ९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फिजिओने दिलेले व्यायाम चुकवू नका. इथली थंडी ओसरतेय. कौन्सिलने आमचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, बाकी ठीक.

माझ्या पुस्तकाची आणखी एक प्रत तुम्ही फोनवर मागितलीत, सुमनमावशींना दाखवायला, तेव्हा मी विषय बदलला. फोनवर सांगायला जमलं नसतं. इथला माझा मित्र यतीन परवा नागपूरला निघतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतेय.

तुम्ही कव्हर पाहिलंत, आतलं माझं नाव पाहिलंत. धडे वाचले नसणार, नाहीतर तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने मला जाब विचारला असता. 'आपला कायदा, इयत्ता आठवी' हे पुस्तक आमच्या कंपनीने ज्या देशासाठी केलं, तिथे एकच पक्ष आहे आणि कोर्टंही त्याचीच. मजकूर तिकडून येतो, त्याचं इंग्रजी मुलांना कळेल इतकं सोपं करायचं काम माझं. 'अटक' या धड्यात वकिलाचं नावही नव्हतं. मी स्पेलिंग तपासलं. सहाव्या धड्याखाली प्रश्न होता, 'घरातलं कोणी सरकारविरुद्ध बोललं तर कायदा तुमच्याकडून काय अपेक्षा करतो?' कायदा त्यांचा, माझी फक्त भाषा, असं मी स्वतःला समजावत राहिले.

भाषा मुलांना कळते का हे पाहायला काही शाळांतून उत्तरपत्रिका मागवल्या होत्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'कायदा म्हणतो, कळवावं. मी माझ्या काकाबद्दल टीचरना सांगितलं. आता काका घरी नसतो. आजी माझ्याशी बोलत नाही.' नाव नव्हतं, फक्त रोल नंबर. वय तेरा.

गेल्या महिन्यात दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर आला. त्यात असे आणखी चार प्रश्न. मी नताली या माझ्या मॅनेजरला सांगितलं, की हे मी करणार नाही.

ती शांतपणे म्हणाली, "पूर्वी, तिकडच्या कायद्यात ते बसतं. आणि तू नाही केलंस तर टोबी करेल."

"टोबीला मी ती उत्तरपत्रिका दाखवलीय," मी म्हटलं. "करायचं तर वाचून करू दे."

"व्हिसाचा विचार केलास?"

"केलाय."

गुरुवारी राजीनामा दिला. व्हिसा कंपनीच्या नावावर आहे, त्यामुळे साधारण दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर परत यावं लागेल. अर्ज करतेय. काळजी करू नका.

इथे पत्र संपवलं असतं तर तुम्ही खूश झाला असतात. दोनदा संपवून पाहिलं.

बाबा, ती उत्तरपत्रिका माझ्याकडे दीड वर्षापूर्वी आली होती. वाक्यं सुटसुटीत, एकही चूक नाही. टीचर्स गाइडमध्ये नमुना उत्तर हवं होतं. मी तिचं घातलं. काका घरी नसतो आणि आजी बोलत नाही, ती दोन वाक्यं मी कापली. चौकटीत बसत नव्हती. त्या दिवशी मला वाईटही वाटलं नाही. ते गाइड आज तिथल्या शिक्षकांच्या टेबलावर आहे.

ते मागे घ्यावं म्हणून सोमवारी, १७ तारखेला, मी कंपनीच्या बोर्डाला लेखी तक्रार देणार आहे. शिरा म्हणून एक वकील आहे, तिच्या मते इथला कायदा अशा तक्रारीला संरक्षण देतो. मात्र माझा भाग लिहायलाच हवा असं नाही, असंही ती म्हणाली.

मी लिहिणार आहे. तक्रारीचं पहिलं वाक्य झालंय: 'ते उत्तर मी निवडलं, आणि त्यातली दोन वाक्यं मी कापली.'

बोर्डाच्या आधी तुम्हाला कळायला हवं होतं. रागावलात तरी लिहा.

तुमची,
पूर्वी